येते म्हणाले होते

लहानपणी एकदा घरातून निघताना मी 'जाते' म्हणाले आणि आईने पाठीत धपाटा घातला. जाते म्हणू नये, येते म्हणावं. तेव्हापासून आजतागायत मी कुठूनही निघताना 'येते' म्हणते. बँकेतून निघताना म्हणते, दवाखान्यातून निघतानाही म्हणते, जिथे परत यायची कुणालाच हौस नसते. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण या शब्दाचा जाब मला कुणी विचारला नव्हता. तो विचारला शिकागोतल्या एका बसथांब्यावर एका बाईने, आणि चांगलं फैलावर घेऊन विचारला.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी तिकडे सहा महिने होते. तळ्याकाठच्या उंच इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर तिचं घर. तळं म्हणायचं, पण त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. कात्रजचं तळं पाहिलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. नात दोन महिन्यांची झाली, थंडी जरा ओसरली आणि लेक-जावई दिवसभर लॅपटॉपसमोर मीटिंगा करायला लागले, तेव्हा माझं काम ठरलं. तीन वाजता पोरीला बाबागाडीत घालून खाली उतरायचं आणि साडेचारपर्यंत वर यायचं नाही. माणसाला घराबाहेर काढायची इतकी सभ्य रीत मी पुण्यातही पाहिली नव्हती.

इमारतीसमोर बसथांबा होता आणि थांब्यावर बाक. साडेतीनला त्या बाकावर ती येऊन बसायची. आमच्याच इमारतीत कामाला होती. व्हरांडे पुसायचे, कपडे धुण्याच्या खोलीतली मशिनं साफ ठेवायची, कचरा खाली न्यायचा. काळी, उंच, हाडापेराने मजबूत बाई, साठी ओलांडलेली, गुडघ्यांनी माझ्याइतकीच बेजार. करड्या गणवेशावर नावाची पट्टी होती आणि इमारतीतले सगळे, अगदी शाळकरी पोरंसुद्धा, तिला त्या नावाने हाक मारत. मला ते जमेना. आपल्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे जीभ अडखळते. आम्ही जन्मसाल ताडून पाहिलं. ती आठ महिन्यांनी मोठी निघाली, म्हणून मी तिला ताई म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर तिला गंमत वाटली.

"म्हणजे तू माझं ऐकायचं," ती म्हणाली.

इंग्रजीत अहो-जाहो नाही, पण तिचं बोलणं मी पहिल्या दिवसापासून मनातल्या मनात अगं-तुगं करूनच ऐकलं.

ओळख होऊन तीन-चार दिवस झाले असतील. नात रडायला लागली म्हणून मी उठले आणि सवयीने म्हणाले, "येते हं." म्हणाले अर्थातच इंग्रजीत, शब्दाला शब्द लावून. आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी बाकावर आले तर बाईसाहेबांचं तोंड फिरलेलं.

"काल तू येते म्हणालीस," ती म्हणाली. "मला वाटलं बाळाची बाटली आणायला गेली असशील. मी तीन बस सोडल्या. त्या तळ्यावरच्या वाऱ्यात."

मग मी तिला आमची रीत समजावून सांगितली. निघताना जाते म्हणत नाहीत, ते अशुभ. आमच्याकडे 'गेला' म्हटलं की माणूस वारलेलाच असतो. म्हणून जिवंत माणूस येतो म्हणतो आणि जातो.

तिने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुमच्या गावात सगळेच खोटं बोलतात," ती म्हणाली.

"खोटं नव्हे, व्याकरण आहे," मी म्हणाले.

त्यावर ती इतकी हसली की पोर दचकून जागी झाली. त्या दिवसापासून बस आली की ती दारात एक पाय ठेवून मागे वळायची आणि "येटे" म्हणायची. 'त' काही तिला शेवटपर्यंत जमला नाही. मी तिला उत्तरही शिकवलं होतं. समोरची 'येते' म्हणाली की आपण 'ये' म्हणायचं, तेवढ्याने निरोप पुरा होतो. आमचे निरोप रोज असे पुरे होत. मी पुण्यात साठ वर्षं काढली, पण रोज कुणीतरी माझी वाट बघत बसलंय हे सुख मला त्या परक्या गावातल्या बाकावर मिळालं. त्याची मला आजही फार आठवण येते.

ती दोन बस बदलून येई. शहराच्या दक्षिणेला, खूप लांब राहायची. जाताना तिच्या हातात भाजीच्या पिशव्या असत. मी विचारलं, इतक्या लांब टोमॅटो का वाहून नेतेस? तर तिच्या भागातलं मोठं दुकान बंद पडलेलं. उरलेल्या दुकानात चिप्स आणि कोल्ड्रिंक मिळायचं, टोमॅटो मिळायचे नाहीत. मला पटेना. अमेरिकेत टोमॅटो मिळत नाहीत हे मी पुण्यात सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं.

मग एका शनिवारी लेकीचा विरोध न जुमानता मी तिच्याबरोबर बसमध्ये बसले. आमच्या थांब्यावर बसमध्ये सगळ्या रंगांची माणसं होती. दहा थांब्यांनी गोरी उतरून गेली. आणखी दहा थांब्यांनी मी एकटीच निराळी उरले. खिडकीबाहेर काचेच्या इमारती संपल्या, विटांची घरं आली, मग फळ्या ठोकून बंद केलेली घरं आली. कुणी कुणाला उतर म्हणत नव्हतं. जो तो आपापल्या थांब्यावर आपणहून उतरत होता, वर ड्रायव्हरला थँक्यू म्हणत होता.

"आमचं हे असं आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडे तर सगळे मला सारखेच दिसतात. कोण कुठे राहणार ते कसं ठरतं?"

"आम्ही आडनाव विचारतो."

"आणि आडनावावरून कळतं?"

"सगळं कळतं. गाव कळतं, ताटात काय असतं तेही कळतं. नाहीच कळलं तर मूळचे कुठले, असं विचारतो."

तिने जरा विचार केला. "म्हणजे तुम्हाला मेहनत जास्त पडते," ती म्हणाली.

मला राग आला. आपल्या घरच्या गोष्टी आपण बोलाव्यात, दुसऱ्याने बोलू नये, हा आमच्या पेठेतला नियम माझ्या अंगात मुरलेला आहे. पण येताना मी एकटी बसमध्ये बसले आणि स्वारगेटहून धायरीला जाणारी बस आठवली. कोण कुठे उतरतं ते मी इतकी वर्षं पाहिलं होतं आणि कधी त्याचा विचार म्हणून केला नव्हता.

माझे परतीचे दिवस जवळ आले. मला तिला एकदा घरी बोलावून शिरा खाऊ घालायचा होता. एवढे दिवस आम्ही बाकावर बोललो, पण ती माझ्या घरी पाहुणी म्हणून आलेली नव्हती. आली असेल ती बादली घेऊन, दाराबाहेरच्या व्हरांड्यापर्यंत. लेक म्हणाली, आई, इथे असं कुणी करत नाही. मी म्हणाले, मग मी करते.

साडेतीनला मी तिला घेऊन आत शिरले. समोर चकचकीत लिफ्ट होती आणि तिच्याशेजारी पितळी पाटी. काम करणाऱ्यांनी कृपया मागची लिफ्ट वापरावी. सहा महिने त्या पाटीसमोरून मी रोज जात होते. ताई पाटीकडे न बघताच मागच्या बाजूला वळली.

"कुठे निघालीस? तुझं काम संपलंय," मी म्हणाले. "तू माझी पाहुणी आहेस."

"गणवेश अंगावर आहे," ती म्हणाली. "उद्या मला इथेच यायचंय. तू तर जाणार."

आता माझा स्वभाव असा की कुणी अडवलं की मी जास्तच जाते. मी बाबागाडी गर्रकन वळवली आणि तिच्या मागोमाग मागच्या लिफ्टमध्ये शिरले. आत भिंतींना गोधड्यांसारखं काहीतरी जाड लटकवलेलं होतं, सामान घासू नये म्हणून. कचऱ्याचा वास होता. पहिल्या मजल्यापासून मी जे सुरू केलं ते एकोणिसाव्यापर्यंत थांबले नाही. हा तुमचा देश, जगाला समतेचे धडे देतो, आणि माणसाला कचऱ्याबरोबर वर पाठवतो. तोंडाने म्हणे कृपया. अशी पाटी लिहिणाऱ्याला लाज कशी वाटली नाही? वर्गात बोलावं तशी मी बोलत होते. ती शांतपणे आकडे बदलताना बघत होती.

मग तिने सहज विचारलं, "तुझ्या पुण्यातल्या इमारतीत किती लिफ्ट आहेत?"

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत प्रत्येक विंगला दोन लिफ्ट आहेत. एक पुढे, एक मागे. मागच्या लिफ्टशेजारी पाटी आहे, आणि ती पाटी मी लिहिलेली आहे. सेक्रेटरींचा मजकूर होता, 'कामवाल्यांनी इकडून जावे.' मीटिंगमध्ये मी म्हणाले, ही काय भाषा झाली? सभ्य समाज आहे आपला. घरी बसून मी तीन वेळा खाडाखोड केली आणि लिहून दिलं, 'घरकामासाठी येणाऱ्या व्यक्तींनी कृपया मागील उद्वाहक वापरावा.' 'कृपया' माझं, 'व्यक्ती' माझं, 'उद्वाहक' तर खास माझं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पाटी रंगवून आली तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तपासायला मी स्वतः खाली उतरले होते.

"एकच," मी म्हणाले. "आमच्याकडे एकच लिफ्ट आहे."

"छान," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी शिरा दिला. तो हातात घेऊन ती आधी खिडकीशी गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. अकरा वर्षं ती या मजल्याचा व्हरांडा पुसत होती. घराच्या आतून तळं तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला तिच्याजवळ जाऊन खरं सांगावंसं वाटलं. पण मी विचारलं ते असं की, गोड पुरेसं आहे ना?

शेवटच्या दिवशी आम्ही नेहमीसारख्या बाकावर बसलो. बस आली. मी म्हणाले, "येते."

"कधी?" तिने विचारलं. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच असं विचारलं. उत्तर चुकलं म्हणून मी तिला टोकलं नाही.

"पुढच्या उन्हाळ्यात."

"आणि तू नाही आलीस तर मी येते," ती म्हणाली. "तुमच्याकडे एकच लिफ्ट आहे, माझी चूक व्हायची नाही."

ती बसमध्ये चढली. "ये" म्हणायला माझं तोंड उघडेना. मी नुसता हात हलवला.

पुण्याला आले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कामाला येणारी बाई आली. वाशिमकडची आहे, नवऱ्याच्या कंपनीतल्या नोकरीपायी पुण्याला आलेली. पूर्वी ती "येतो काकू" म्हणून निघायची आणि मी पेपरातून डोकं वर न काढता "हं" म्हणायचे. तिकडच्या बायका स्वतःला 'येतो' म्हणतात, आणि मी तिला एकदा 'येते' म्हण म्हणून सुधारायलाही गेले होते. त्या दिवशी ती निघाली तेव्हा मी पायात चपला घातल्या आणि तिच्याबरोबर मागच्या लिफ्टमध्ये शिरले. ती अवघडून कोपऱ्यात सरकली.

"काकू, तुमची लिफ्ट तिकडं चालू हाये नं," ती म्हणाली.

"असू दे. तुला ती खालची पाटी वाचता येते का गं?"

"येते नं. सातवी झाली माही. पण उद्वाहक म्हंजे काय ते समजलं नाही मले. मंग वॉचमननं हातानं दाखवलं, इकडून जा म्हणे."

माझा तो खास शब्द. ज्यांच्यासाठी लिहिला त्यांना तो कळलाच नव्हता, त्यांना हात पुरेसा झाला होता.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी पाटी काढायचा विषय मांडला. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, मजकूर आपलाच आहे." कुणी कचऱ्याच्या बादल्यांचं बोललं, कुणी पुढच्या लिफ्टच्या आरशाचं. एक गृहस्थ म्हणाले, अमेरिकेत जाऊन आलं की सहा महिने असं होतं, मग उतरतं. सगळे हसले. विषय संपला. मी मागच्या लिफ्टने ये-जा करायला लागले. लोकांनी त्याला माझा विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिलं. पुण्यात एवढी सवलत असतेच.

पुढचा उन्हाळा आला आणि गेला. आधी एक गुडघा झाला, मग दुसरा, मग डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं. लेक फोनवर म्हणायची, "आई, तुझी ताई विचारत होती. म्हणते, येते म्हणून गेली ती आली कशी नाही?" एकदा लेकीने व्हरांड्यातच फोन तिच्यासमोर धरला. ती थकलेली दिसत होती. माझ्या नातीच्या डोक्यावर तिचा हात होता.

"रिटायर झाले की मी येटे," ती म्हणाली. "विमान कधी बघितलं नाही आतून. तू म्हणालीस ते खरंच ना, लिफ्टचं?"

आवाज तुटतोय असं सांगून मी फोन ठेवला. आवाज छान येत होता.

तेव्हापासून माझं एक खूळ झालं. वारज्याच्या मंडईत टोमॅटो घेताना वाटायचं, हे तिला दाखवायला हवेत, हातगाडीभर ढीग. रस्त्यावर बस थांबली की वाटायचं, आता दारातून उंच, काळी, गुडघे सांभाळत उतरणारी बाई दिसेल. ती यावी असं मला मनापासून वाटायचं, आणि येऊ नये असंही वाटायचं. आली असती तर मी तिला कुठल्या दाराने वर नेणार होते? पाहुणी म्हणून पुढून नेलं असतं, तरी मागची ती पाटी कधीतरी तिने पाहिली असती, आणि काय लिहिलंय ते विचारलं असतं. तिला विचारायची सवय होती. पाटी काढायला एक पेचकस लागणार होता, सभेचा ठराव नव्हे, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण सभेने नाही म्हटल्यावर पाटीला हात लावणारी मी नव्हते. आयुष्यभर मी लोकांना नियम शिकवले होते.

मागच्या महिन्यात एका सकाळी लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "अगं, तुझी ताई रिटायर झाली. दक्षिणेत बहिणीकडे राहायला गेली, मिसिसिपीला की कुठे. शेवटच्या दिवशी मुद्दाम दार वाजवून तुझ्यासाठी निरोप सांगितला."

"काय सांगितलं?"

"एकच शब्द. येटे." लेक हसली. "आई, म्हणजे काय? ती खरंच पुण्याला येणार आहे का?"

मी काय सांगणार? तो शब्द मीच तिला शिकवला होता. जाणाराही तोच म्हणतो, येणाराही तोच म्हणतो. ती आमच्यातली होऊन निरोप घेऊन गेली होती की तिच्या पद्धतीने, बोलल्यासारखी यायला निघणार होती, हे त्या एका शब्दावरून जगातल्या कुठल्याच मराठीच्या बाईला सांगता आलं नसतं.

"ये म्हणावं तिला," मी म्हणाले.

"अगं, कुणाला सांगू? फोन नंबरही नाही दिला. ती गेली ना आता."

"गेली म्हणू नये," मी म्हणाले.

फोन ठेवला, माळ्यावरच्या डब्यातून पेचकस काढला, स्टूल उचललं आणि मागच्या लिफ्टने खाली आले. चार स्क्रू होते, दोन गंजलेले. वॉचमन धावत आला. तो नवा होता, त्याला माझा इतिहास माहीत नव्हता.

"काकू, पाटी कशाला काढताय? साहेब विचारतील मला."

"पाहुणे यायचेत म्हणून सांग," मी म्हणाले, आणि त्याला स्टूल धरायला लावलं.